व्हिडिओ कुठे थांबवायचा?

उरणजवळच्या न्हावा गावात ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही नाविक प्रशिक्षण संस्था आहे. तिची मुळे १९१० सालापर्यंत जातात. शेजारचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते २६ मे १९८९ रोजी. म्हणजे इथे कंटेनर उतरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर पोरे समुद्रावरचे काम शिकत आली आहेत. खलाशाच्या शिक्षणात दोराच्या गाठी अगदी सुरुवातीला येतात: बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड. या गाठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी उभे राहून, चुकलेला हात धरून शिकवल्या गेल्या. आता कुठल्याही कॅडेटच्या मोबाइलवर त्याच गाठींचे हवे तेवढे व्हिडिओ सापडतात. आणि शिकवणाऱ्यांची तक्रार बंदरावरच्या प्रशिक्षण वर्गापासून उरणच्या शाळांपर्यंत एकच आहे: पोरे व्हिडिओ बघतात, पण लक्ष नसते.

या तक्रारीवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातला एक फार उपयोगी प्रयोग नेमका नाविकांच्या गाठींवरच झाला. जर्मनीतील श्वान आणि रिम्प या दोघांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. कमी-अधिक अवघड गाठी लोकांना व्हिडिओवरून शिकायला दिल्या होत्या. एका गटाला व्हिडिओ फक्त सुरू करता येत होता. हुकले तर पुन्हा पहिल्यापासून पाहायचा. दुसऱ्या गटाला तो थांबवता येत होता, मागे नेता येत होता, हळू करता येत होता. दुसऱ्या गटाला गाठ जमायला कमी वेळ लागला. त्या लोकांनी ही बटणे सारखी वापरली, आणि तीही दोर जिथे वळणाखालून जातो अशा अडचणीच्या जागी. व्हिडिओ तोच होता, दोरही तोच. थांबण्याचा अधिकार तेवढा शिकणाऱ्याच्या हाती आला होता.

हे संशोधन वाचताना आणि वर्गांत बसून पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. व्हिडिओ किती छोटा, किती रंगीत, किती गमतीदार यावर मुलांचे लक्ष आपण समजतो त्यापेक्षा फार कमी अवलंबून असते. तो कुठे थांबतो आणि थांबल्यावर मुलाला काय करावे लागते, यावर ते जास्त अवलंबून असते. आपल्याकडे सगळा पैसा आणि हुशारी पहिल्या गोष्टीवर खर्च होते. दुसरीचा विचार कोणाच्या नावावर नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पालकसभेत हमखास ऐकू येते, की हल्लीच्या मुलांचे लक्ष आठ सेकंदांच्या वर टिकत नाही. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या २०१५ च्या एका अहवालातून जगभर पसरला. तो अहवाल जाहिरातदारांसाठी होता आणि त्या आकड्यामागे शाळकरी मुलांची कोणतीही भक्कम मोजणी नव्हती. दुसरा आकडा थोडा जुना आणि प्रतिष्ठित: व्याख्यानात लक्ष दहा ते पंधरा मिनिटेच टिकते. नील ब्रॅडबरी यांनी २०१६ मध्ये या समजुतीची मुळे शोधली, तेव्हा तिचा आधार फारच तोकडा निघाला. लक्ष विषयावर, शिकवणाऱ्यावर, दिवसाच्या वेळेवर, आधी किती कळले आहे यावर कमी-जास्त होते. उरण तालुक्यातली हीच मुले कबड्डीचा सामना संपेपर्यंत मैदान सोडत नाहीत. त्यांच्या लक्षात खोट आहे असे धरून चालणे अन्यायाचे आहे.

व्हिडिओच्या लांबीबद्दल मात्र एक मोठी मोजणी झाली आहे. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरची व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रे तपासली. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थी बहुधा शेवटपर्यंत पाहत. नऊ मिनिटांच्या पुढचे व्हिडिओ अनेकदा अर्धेही पाहिले जात नसत. हाताने लिहीत, आकृती काढत शिकवलेले पाठ नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त वेळ पाहिले गेले. तेव्हापासून ‘सहा मिनिटे’ हा सगळ्या व्हिडिओ बनवणाऱ्यांचा मंत्र झाला. पण गुओ यांनी मोजले ते पडद्यासमोर राहणे. शिकणे त्यांनी मोजले नव्हते आणि तसा दावाही केला नव्हता. सहा मिनिटे पडद्याकडे पाहून काहीच न उरणेही शक्य आहे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

लांब व्हिडिओत मन भटकते हे मात्र खरे आहे. कॅनडातील इव्हान रिस्को आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तासाभराच्या व्याख्यानांचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना दाखवले आणि मधूनमधून विचारले, ‘आत्ता मन कुठे आहे?’ उत्तरार्धात मन भटकण्याचे प्रमाण वाढले होते आणि त्या भागातले कमी आठवत होते. प्रश्न आहे तो उपायाचा. तुकडे पाडणे हा एक उपाय झाला. पण रिकामे तुकडे पाडून भागत नाही, हे पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील कार्ल श्पुनार, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी दाखवले. संख्याशास्त्राचे एकवीस मिनिटांचे व्याख्यान त्यांनी चार भागांत दाखवले. एका गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली. दुसऱ्याला तोच मजकूर उत्तरांसह पुन्हा वाचायला दिला. तिसऱ्याला यातले काहीच दिले नाही. चाचणी दिलेल्या गटात मन भटकण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास निम्म्यावर आले. त्यांनी टिपणे जास्त घेतली आणि शेवटच्या परीक्षेची त्यांना भीतीही कमी वाटली. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना मात्र असा फायदा झाला नाही, आणि हे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. विश्रांती त्यांनाही मिळाली होती. उत्तर आपले आपण आठवून काढण्याचे काम तेवढे नव्हते.

या सगळ्याच्या तळाशी एक जुनी गोष्ट आहे. इस्रायली मानसशास्त्रज्ञ गॅव्रिएल सालोमन यांनी १९८४ मध्ये सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास या विषयात आजही मला सर्वात मोलाचा वाटतो. मुलांना टीव्ही सोपा वाटे आणि पुस्तक अवघड वाटे. म्हणून ती टीव्ही पाहताना डोक्याला कमी ताण देत आणि त्यामुळे कमी शिकत. आपल्याला टीव्हीवरचे सगळे कळते अशी ज्यांची जास्त खात्री, ती मुले आणखी कमी मेहनत घेत. पुढे इतर संशोधकांनाही असे आढळले, की ‘हे शिकण्यासाठी पाहायचे आहे’ एवढे आधी सांगितले तरी मुले जास्त खोल जाऊन पाहतात. मोबाइल तर टीव्हीहून सोपा वाटतो. रील पाहताना बोटाला जी सवय लागली, त्याच बोटाने आपण मुलाला प्रकाशसंश्लेषण उघडायला सांगतो. मेहनत न घेता पाहायची वस्तू अशी त्या पडद्याची ओळख आपणच करून दिली आहे. ती बदलायला कोणीतरी मोठ्या माणसाने मध्ये यावे लागते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय विषयांचे मराठी कार्यक्रम दिसू लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम महाविद्यालयीन मुलांसाठी सुरू झाला. त्या पाठांत कळकळ होती, चांगली माणसे होती. पण प्रक्षेपण थांबवता येत नव्हते. समजले नाही तरी पुढचे वाक्य येतच राही आणि मागच्या बाकावरचे पोर तिथेच सुटे. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या बंद होण्यावर थोडेफार लिहिले गेले. पण तीन दशके मराठी मुलांनी ते कार्यक्रम कसे पाहिले, कुठे सुटली, कुठे गुंतली, याचा पद्धतशीर हिशेब आपण घेतला नाही, याची खंत वाटते.

करोनाच्या काळात हा प्रश्न घराघरांत आला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी तिचे ४८० भाग केले होते. या मालिकेबद्दल आदराने लिहावेसे वाटते, कारण तिच्या कर्त्यांनी मुलाला पडद्यासमोर बांधून ठेवण्याचा आग्रह धरला नाही. घरातल्या वस्तू घ्यायच्या, आई-आजोबांना बरोबर घ्यायचे, काहीतरी करून पाहायचे, असा तिचा बेत होता. दूरदर्शनवर पॉजचे बटण नसतानाही मुलाने उठून काही करावे अशी जागा तिने कार्यक्रमातच ठेवली होती. त्याच सुमारास सकाळपासून दुपारपर्यंत झूमवर बसवलेल्या शहरी मुलांच्या वाट्याला ती जागा आली नाही.

मुंबईत, न्हाव्याच्या समोरच्या किनाऱ्यापलीकडे पवईला, आयआयटीमध्ये या विषयावर दोन वेगवेगळी कामे झाली आणि दोन्ही शाळाशिक्षकांपर्यंत नीट पोचलेली नाहीत. पहिले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचे ‘स्पोकन ट्युटोरियल’. संगणकाची मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. यात पाहण्याची पद्धतच ठरवून दिलेली आहे. पडद्याच्या एका भागात पाठ, दुसऱ्या भागात ते सॉफ्टवेअर. निवेदक एक कृती करतो, आपण पाठ थांबवून तीच कृती करायची, जमली की पुढे जायचे. मधेमधे निवेदक स्वतःच सांगतो, आता थांबा आणि हा सराव करा. पाठाची संहिता आधी ज्याला त्या विषयातले काही येत नाही अशा माणसाकडून तपासून घेतली जाते. तो जिथे अडखळतो तिथे संहिता बदलते. ही शेवटची रीत मला फार आवडते. आपले बहुतेक शैक्षणिक व्हिडिओ विषय येणाऱ्यांनी बनवलेले आणि विषय येणाऱ्यांनीच पास केलेले असतात.

दुसरे काम सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे. ऑनलाइन अभ्यासक्रम शिकणाऱ्याभोवती कसा रचावा याचा आराखडा त्यांनी मांडला. त्यातल्या व्हिडिओत ठरावीक जागी शिक्षक प्रश्न टाकतो आणि विद्यार्थ्याला थांबून उत्तर लिहायला सांगतो. मग त्या उत्तरांच्या शक्यता हाताशी धरून पुढे बोलतो. एकतर्फी व्याख्यानाला संवादाचे वळण लागते. व्हिडिओ चित्रित करण्याआधीच थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात, यात त्याचे यश आहे. आधी पाठ बनवून मग त्यात प्रश्न घुसवले की ते उपरे वाटतात.

बंदराजवळच्या शेवा गावाकडच्या एका झेडपीच्या शाळेत सातवीचा भूगोलाचा तास मी मागे बसून पाहिला. विषय भरती-ओहोटी. भिंतीवर स्मार्ट टीव्ही, बाहेर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची न तुटणारी रांग. बाईंनी व्हिडिओ लावला. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येऊ लागले, तोच तो थांबवला. “आता वहीत चित्र काढा. पाणी कुठल्या बाजूला फुगेल ते दाखवा. व्हिडिओनं ते अजून सांगायचंय.” वर्गात कुजबुज झाली, काहींनी शेजारच्याची वही पाहिली. बहुतेकांनी चंद्राकडच्या बाजूला फुगवटा काढला, पलीकडच्या बाजूला कोणीच काढला नाही. मग व्हिडिओ सुरू झाला आणि पाणी दोन्ही बाजूंना फुगलेले दिसले. अख्खा वर्ग एकदम “असं कसं?” म्हणाला. तोवर खिडकीतून ट्रेलर मोजणारा मुलगाही पडद्याकडे वळला होता. त्याचे उत्तर चुकले होते आणि का चुकले ते त्याला हवे होते.

पुढचा थांबा आणखी चांगला होता. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते असे निवेदक म्हणाला. बाईंनी थांबवून विचारले, “हे तुमच्या घरात कोणाला माहीत आहे?” कोळीवाड्यातल्या एका मुलीने हात वर केला. तिचे आजोबा घड्याळ न पाहता भरतीची वेळ सांगतात. “तिथीच्या पाऊणपट करायचं. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाची भरती.” बाईंनी फळ्यावर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतच्या तिथी लिहिल्या आणि मुलांना पाऊणपट करायला लावले. दर दिवसाला पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. व्हिडिओ पन्नास म्हणत होता. ही पाच मिनिटे कुठे गेली, यावर तासातली उरलेली सगळी चर्चा झाली. व्हिडिओचा शेवटचा भाग पाहायचा राहिला आणि काही बिघडले नाही.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेत तसाच व्हिडिओ दिवे मालवून, सलग, दोन वर्ग एकत्र बसवून लावला जाताना पाहिला. त्या शिक्षकांना दोष देणे बरोबर नाही. दोन वर्ग त्यांच्या एकट्यावर होते. पण मुलांनी व्हिडिओला करमणुकीची वस्तू मानले आणि संपल्यावर त्यांना आठवली ती पार्श्वसंगीताची धून.

पडदा आणि शिकणारे यांच्या मध्ये उभा राहणारा माणूस हाच कळीचा घटक आहे, हे दोन ठिकाणी फार स्पष्ट दिसले. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्टॅनफर्डचे जेम्स गिबन्स यांनी विद्यापीठातल्या व्याख्यानांच्या टेप दूरच्या कारखान्यातील इंजिनिअरांना पाठवल्या. तिथे चार-सहा जण एकत्र बसून टेप पाहत. बरोबर एक मार्गदर्शक असे, आणि तो विषयाचा पंडितच असायला हवा अशी अट नव्हती. दर काही मिनिटांनी टेप थांबवायची आणि बोलायचे. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी लिहिले, की हे इंजिनिअर प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही चांगले गुण मिळवत होते. आपल्याकडे लखनौ भागात २००५ पासून ‘डिजिटल स्टडी हॉल’ने हेच खेड्यांतल्या शाळांसाठी केले. चांगल्या शिक्षिकेच्या तासाचे चित्रण पाठवायचे, आणि गावातल्या शिक्षिकेने ते थांबवत, मुलांना विचारत, फळ्यावर बोलवत चालवायचे. पडद्यावरच्या शिक्षिकेला विषय चांगला येतो, गावातल्या शिक्षिकेला मुले चांगली ठाऊक असतात. दोघी मिळून एक पूर्ण शिक्षिका होते.

घरी एकट्याने पाहणाऱ्या मुलाला ही सोबत नसते आणि हातातले यंत्रच त्याला दुसरीकडे ओढत असते. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमे वापरलेली ७६ टक्के. या दोन आकड्यांतले अंतर एकेका मुलाच्या मनोनिग्रहावर सोडून देणे मला पटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ते सोडले नाही. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवून अभ्यास करायचा, असे गावाने ठरवले. सगळ्या गावाने मिळून घेतलेला निर्णय म्हणून तो मोठा आहे. पण अभ्यासच मोबाइलवर असेल तर भोंगा पुरत नाही. तिथे साधे उपाय लागतात: व्हिडिओ आधी उतरवून घेऊन इंटरनेट बंद करणे, मोबाइल उभा टेकवून ठेवून दोन्ही हात वही-पेनासाठी मोकळे ठेवणे, आणि शेजारी कोणीतरी असणे. ते कोणी विषय जाणणारे नसले तरी चालते. “थांबव, आणि आत्तापर्यंत काय सांगितलं ते मला सांग,” एवढे म्हणणारी आजी पुरते.

उरण तालुक्यातच घारापुरी बेट आहे. तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास मिळतील तेवढाच उजेड. अशा मुलांपर्यंत चांगला शिक्षक व्हिडिओने पोचू शकतो ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच व्हिडिओ शाळेतून काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

बंदरावरच्या आणि जहाजावरच्या शिक्षणात नुसते पाहून शिकण्याचा हा प्रश्न आणखी गंभीर होतो. २०२० च्या टाळेबंदीत नौवहन महासंचालनालयाने खलाशांच्या अनेक अभ्यासक्रमांचा पुस्तकी भाग ऑनलाइन करण्याची वाट मोकळी केली आणि अभ्यासक्रम संपल्यावरची एक्झिट परीक्षाही घरबसल्या सुरू झाली. गावाकडे अडकलेल्या हजारो मुलांची त्यामुळे सोय झाली. मात्र एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांखालच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात लाइफजॅकेट घालणे, उंचावरून पाण्यात उडी, उलटलेला लाइफराफ्ट सरळ करणे हे करूनच दाखवावे लागते आणि दर पाच वर्षांनी त्याची उजळणी लागते, ही नियमांची मोठी पुण्याई आहे. थंड पाण्यापासून वाचवणारा इमर्शन सूट दोन मिनिटांत, कोणाच्या मदतीशिवाय अंगावर चढला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. व्हिडिओत तो चढवणारा माणूस सराईत असतो. पहिल्यांदा घालणाऱ्याचा पाय त्या जाड रबरी पायात अडकतो, चेन हनुवटीपाशी येऊन थांबते, आणि हातमोजे चढल्यावर चेन ओढायला बोटे उरत नाहीत. हातमोजे शेवटी घालायचे, हे व्हिडिओत सांगितलेले असते. पोराला ते कळते हात अडकल्यावरच.

पाहिले म्हणजे जमले, या भ्रमावर मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये नेमके बोट ठेवले. कौशल्याचा व्हिडिओ लोकांना एकदा किंवा वीस वेळा दाखवला. उदाहरणार्थ, डार्ट नेमका मध्यावर मारणे. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला आता चांगले जमेल असे वाटू लागले. प्रत्यक्षात त्यांचा नेम एकदा पाहणाऱ्यांपेक्षा चांगला नव्हता. त्या कामाची थोडी चव हाताला दिली की मात्र हा फाजील विश्वास कमी होत होता. म्हणून ऑनलाइन प्रशिक्षणात ‘व्हिडिओ पूर्ण पाहिला’ ही नोंद जिथे पुरावा मानली जाते तिथे मला काळजी वाटते. शेवटपर्यंत चालू ठेवलेला व्हिडिओ आणि लक्ष देऊन पाहिलेला व्हिडिओ त्या नोंदीत सारखेच दिसतात. टर्मिनलमध्ये शिरणाऱ्या कंत्राटी कामगाराला दाखवायच्या सुरक्षा चित्रफितीलाही हे लागू आहे. ती पाहून झाल्यावर त्याने स्वतः यार्डातला पायी चालण्याचा रस्ता दाखवला, तरच ती पाहिली असे म्हणावे.

व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी संशोधनात काही ठोस हाताशी आहे. हाताचे काम शिकवताना कॅमेरा करणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी हवा. समोरून चित्रित केलेली गाठ पाहताना मुलाला डावे-उजवे मनात उलटवावे लागते आणि लक्ष तिथेच खर्च होते. विद्युत मंडल जोडण्याच्या प्रयोगात लोगन फियोरेला आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये हाच फरक दिसला. रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले, की विषयाला धरून नसलेली गंमत, संगीत, सजावट यांनी शिकणे घटते. शिक्षकाचा चेहरा सतत दिसला तर मुलांना बरे वाटते, पण त्याने जास्त आठवते असे ठामपणे म्हणता येत नाही. दुप्पट वेगाने पाहिले तरी फार नुकसान होत नाही असे कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात आढळले. मात्र तिथले विद्यार्थी आपल्या सवयीच्या भाषेत ऐकत होते. इथल्या मुलांना तो निष्कर्ष लावताना जपून राहावे. उरणचे पोर घरी आगरी बोलते, शाळेत प्रमाण मराठी ऐकते, आणि क्लासचा व्हिडिओ हिंदी-इंग्रजीत येतो. त्याचे अर्धे लक्ष भाषेवरच खर्च होते आणि आपण त्याला विषयातले लक्ष नाही म्हणतो. अशा मुलासाठी पडद्यावर नेमके अवघड शब्द लिहून देणे उपयोगी पडते. पूर्ण निवेदन जसेच्या तसे लिहून दाखवले तर डोळे आणि कान एकमेकांना अडवतात.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत आता क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी आपल्या शाळेत हे करून दाखवले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. २०१७ पासून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षणमंचावर पाठागणिक साहित्य चढत गेले. हे मोठे काम आहे, पण कोड स्कॅन केला की व्हिडिओ नुसता सुरू होतो. त्या कोडखाली दोन ओळींची जागा सहज मिळेल. कितव्या मिनिटाला थांबायचे आणि थांबून वहीत काय करायचे, एवढे तिथे छापता येईल. भरती-ओहोटीच्या बाईंकडे त्या दोन ओळी होत्या, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या. आदल्या रात्री घरी व्हिडिओ पाहून, स्वतः चार ठिकाणी अडखळून त्यांनी त्या काढल्या होत्या. राज्यात असे शिक्षक तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांच्या त्या पेन्सिलीच्या नोंदी गोळा करून, विषय न येणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून, पुढच्या आवृत्तीत छापायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बालभारतीच्या विषय समित्यांनी त्या मागवायला हव्यात.